मायना, मजकूर आणि मोर्तब : अमेरिकेंतील जुन्या एकपानी जाहीरनाम्यांचें परीक्षण

१

जुन्या कागदपत्रांचा अभ्यास करणाऱ्यास पहिला धडा मिळतो तो हा कीं, पत्राचा अर्थ केवळ मजकुरांत नसतो. वर मायना कोणत्या शब्दांनीं केला आहे, मजकूर कोणत्या क्रमानें आला आहे, आणि शेवटीं मोर्तब कोणाचें आहे, या तीन अंगांचा मेळ घातल्यावांचून पत्र बोलत नाहीं. मायना व मोर्तब गळालेली नक्कल हातीं आली म्हणजे संशोधकाची जी कुचंबणा होते ती या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु हा धडा आपण हस्तलिखितांपुरताच मानतों. कागद छापील असला कीं त्याच्या सर्व प्रती सारख्याच, मग त्यांत पाहावयाचें तें काय, अशा समजुतीनें मजकूर तेवढा उचलावयाचा व बाकीचें टाकून द्यावयाचें अशी चाल पडली आहे. ही चाल किती घातक आहे तें दाखविण्यास अमेरिकेंतील इ. स. १७५५ ते १७७७ या काळांतील एकपानी छापील पत्रकांसारखें दुसरें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

या लेखास एक खासगी कारणही आहे. शाळेंत संस्कृताबरोबर इतिहासही शिकवावा लागे. त्या तासाला आम्ही वर्षानुवर्षें मुलांस सांगत आलों कीं, ४ जुलै १७७६ रोजीं फिलाडेल्फिया येथें तेरा वसाहतींच्या प्रतिनिधींनीं एकमतानें स्वातंत्र्याचा निर्णय केला व जाहीरनाम्यावर सह्या केल्या. या एका वाक्यांत तीन चुका आहेत. स्वातंत्र्याचा ठराव २ जुलै रोजींच मंजूर झाला होता. न्यूयॉर्कच्या प्रतिनिधींनीं मत दिलेंच नव्हतें, म्हणून संमति बाराच वसाहतींची होती. आणि त्या दिवशीं आज दिसतात त्या सह्या झालेल्या नव्हत्या. आमची चूक होण्याचें कारण असें कीं, पुस्तकांत जें चित्र होतें तें सह्यांनीं भरलेल्या चर्मपत्राचें होतें. त्या चर्मपत्राच्या आधीं चार आठवडे जो छापील कागद देशभर गेला, त्याचें चित्र आम्हीं सेवेंतून निवृत्त झाल्यावर पाहिलें. वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयानें अशा शेंकडों पत्रकांच्या छायाप्रती आतां सर्वांस खुल्या केल्या आहेत. त्या एकामागून एक पाहतांना जें ध्यानांत आलें तें येथें मांडतों.

२

प्रथम सरकारी जाहीरनाम्याची ठेवण पाहूं. माथ्यावर राजचिन्ह, त्याखालीं आज्ञा करणाऱ्याचें नांव व बिरुदें, मग ठसठशीत अक्षरांत ‘जाहीरनामा’ हा एकच शब्द, नंतर ‘ज्या अर्थीं’ या शब्दांनीं उघडणारीं कारणें, त्यांवरून निघणारी आज्ञा, शेवटीं स्थळ, तारीख, राजाच्या कारकीर्दीचें वर्ष, चिटणीसाचें नांव, आणि सर्वांच्या अखेरीस ‘देव राजाचें रक्षण करो’ ही प्रार्थना. मीमांसकांच्या भाषेंत बोलावयाचें तर उपक्रमांत राजा व उपसंहारांतही राजा. मध्यें कांहींही लिहिलें असो, तें या दोन टोंकांमधूनच वाचावयाचें असतें.

या चौकटींत काय काय बसत असे याचा एक नमुना देतों. ३ नोव्हेंबर १७५५ रोजीं मॅसॅच्युसेट्सचा लेफ्टनंट गव्हर्नर स्पेन्सर फिप्स यानें पेनॉब्स्कॉट या मूळनिवासी जमातीविरुद्ध जाहीरनामा काढला. त्यांत बक्षिसांचे दर दिले आहेत. बारा वर्षांवरील पुरुष जिवंत पकडून बोस्टनला आणल्यास ५० पौंड, मारून त्याच्या डोक्याची कातडी आणल्यास ४० पौंड. स्त्री किंवा बारा वर्षांखालील मुलगा जिवंत आणल्यास २५ पौंड. त्यांची कातडी आणल्यास २० पौंड. आणि अखेरीस, रिवाजाप्रमाणें, राजाच्या रक्षणार्थ देवाची प्रार्थना.

वाङ्मय म्हणून या पत्रकाची भाषा कशी आहे ? तींत क्रोध नाहीं, शिवी नाहीं, अलंकार नाहीं. बाजारभावाच्या पत्रकाची जी कोरडी भाषा तीच येथें आहे. कातडी ही मारल्याचा पुरावा म्हणून आणावयाची, असें जेथें म्हटलें आहे तेथेंही लेखणी जराही अडखळत नाहीं. आमच्या मतें या पत्रकाचा खरा भीषणपणा येथेंच आहे. क्रूर मनुष्य क्रोधांत जें बोलतो त्याची जबाबदारी त्याच्यावर राहते. परंतु सरकारी मायना व सरकारी मोर्तब यांच्या मध्यें घातलेल्या वाक्याची जबाबदारी कोणावरच राहत नाहीं, ती चौकटीवर जाते. केवळ मजकूर उतरून घेणारा हें दाखवूं शकत नाहीं, कारण त्याच्या नकलेंत चौकटच नसते. इ. स. २०२१ मध्यें निघालेल्या ‘बाउंटी’ या लहानशा चित्रपटांत पेनॉब्स्कॉट कुटुंबांतील आईबाप आपल्या मुलांसह बोस्टनच्या जुन्या राज्यगृहांत बसून हेंच पत्रक वाचतात. ज्यांच्यासंबंधानें तें लिहिलें होतें त्यांच्या तोंडीं तो मजकूर २६६ वर्षांनीं आला, व त्या वाचनांत आज्ञेची साक्ष झाली.

३

दुसरा वर्ग लोकांच्या पत्रकांचा. हीं रात्रीं भिंतींवर डकविलीं जात, खानावळींत व गुत्त्यांत मोठ्यानें वाचलीं जात, आणि बहुधा निनांवी असत. इ. स. १७६५ च्या स्टँप कायद्यानें अर्ध्या तावाच्या छापील कागदावर अर्धा पेनी व पूर्ण तावावर एक पेनी कर बसविला, तेव्हांपासून एकपानी पत्रक काढणें हीच एक राजकीय कृति होऊन बसली. सरकारी जाहीरनाम्यांत मोर्तब ही सर्वांत ठळक गोष्ट, तर येथें तीच लपविलेली किंवा सोंग घेतलेली असते.

डिसेंबर १७६९ मध्यें न्यूयॉर्कांत ‘दगा दिलेल्या रहिवाशांस’ अशा अर्थाच्या मायन्याचें एक पत्रक निघालें. तेथील विधिसभेनें सरकारी फौजेच्या खर्चास पैसा मंजूर केला, त्याचा त्यांत निषेध होता. खालीं सही ‘स्वातंत्र्याचा एक पुत्र’ एवढीच. गव्हर्नराच्या जागीं काम पाहणाऱ्या कोल्डन यानें लेखकाचें नांव कळविणाऱ्यास बक्षीस लावणारा जाहीरनामा काढला. पत्रकाला उत्तर पत्रकानें, निनांवी मोर्तबाला सरकारी मोर्तबानें. छापखान्यांतील एका कारागिरानें वार्ता फोडली; मुद्रक जेम्स पार्कर यास साक्षीदार करण्यांत आलें; आणि लेखक अलेक्झांडर मॅक्डुगल फेब्रुवारी १७७० मध्यें तुरुंगांत गेला. पुढें पार्कर वारला व मुख्य साक्षीदारावांचून खटला ढासळला. येथें ध्यानांत घ्यावयाचें तें हें कीं, सरकारला खोडून काढावयाचें होतें तें पत्रकांतील विधान नव्हे. सरकारला हवें होतें तें मोर्तब. कोणी म्हटलें हें कळल्यावर काय म्हटलें याचा निकाल आपोआप लागतो, असा तो विश्वास होता.

तथापि या वर्गाची स्तुतीच करीत बसणें न्यायाचें होणार नाहीं. २७ नोव्हेंबर १७७३ च्या एका पत्रकांत डेलावेअर नदीवरील नावाड्यांस धमकी आहे कीं, चहा घेऊन येणारें ‘पॉली’ जहाज जो कोणी वर आणील त्याची गत बरी होणार नाहीं. आणि जहाजाचा कप्तान एअर्स यास विचारलें आहे कीं, अंगावर तापलेलें डांबर व त्यावर पिसें हा पोशाख तुला शोभेल काय. खालीं सही ‘डांबर व पिसें यांच्या समितीची’. हा चहा ज्या ईस्ट इंडिया कंपनीचा होता तिचाच अंमल त्या वेळीं मुंबई बेटावर होता, म्हणून मराठी वाचकास ही गोष्ट अगदींच परकी नाहीं. पत्रकाचा परिणाम झाला व जहाज माल न उतरवितां परत गेलें. परंतु समीक्षकानें हेंही नमूद केलें पाहिजे कीं, येथें निनांवी लेखक सरकारी जाहीरनाम्याची ठेवण उचलतो, आज्ञेचा सूर उचलतो, ‘समिति’ म्हणून खोटें मोर्तबही करतो, आणि शिक्षेची भीति घालतो. सत्ता हातीं येण्यापूर्वींच सत्तेची भाषा आली होती.

तिसरा प्रकार शोकपत्रकांचा. इ. स. १७७५ मध्यें लेक्सिंग्टन व कॉन्कॉर्ड येथील चकमकींनंतर सेलेम येथील मुद्रक इझिकिएल रसेल यानें ‘ब्रिटिश सैन्याची खाटिकी’ अशा आशयाच्या मथळ्याचें एक पत्रक छापलें. त्याच्या माथ्यावर चाळीस काळ्या शवपेट्यांचीं चित्रें रांगेनें मांडलीं आहेत. सरकारी पत्रकांत जेथें राजचिन्ह असावयाचें, नेमक्या त्याच जागीं शवपेट्या. वाचतां न येणाऱ्यासही हा मायना कळत होता. या रसेलचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. तो पुढें पुन्हां येणार आहे.

४

आतां इ. स. १७७५ या एका वर्षांतील तीन सरकारी पत्रकें शेजारीं शेजारीं ठेवूं.

१२ जून रोजीं बोस्टनमध्यें जनरल गेज यानें लष्करी कायदा पुकारला. शस्त्रें खालीं ठेवणाऱ्या सर्वांस क्षमा; अपवाद दोघांचाच, सॅम्युएल ॲडम्स व जॉन हॅन्कॉक. हा मजकूर जनरल बर्गोइन यानें रचला असें मानतात. बर्गोइन हा नाटककारही होता, व तें येथें लपत नाहीं. वाक्यें फुगलेलीं, विशेषणांवर विशेषणें रचलेलीं, बंडखोरांची टिंगल करण्याचा हव्यास. ज्याच्या हातीं क्षमा आहे त्यानें थोडक्यांत बोलावें, हें औचित्य त्याला कळलें नाहीं. फिप्सच्या कोरडेपणांत निदान सत्तेचा आत्मविश्वास होता; गेजच्या पत्रकांत शब्द वाढले आहेत, कारण खालची जमीन सरकूं लागली आहे.

२३ ऑगस्ट रोजीं खुद्द राजा तिसरा जॉर्ज याच्या नांवानें बंडाळी मोडण्याचा जाहीरनामा लंडनमध्यें निघाला. त्याला फिलाडेल्फियाच्या काँग्रेसनें ६ डिसेंबर रोजीं उत्तर दिलें. त्यापूर्वींच, ७ नोव्हेंबर रोजीं, व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डन्मोर यानें ‘विल्यम’ या जहाजावरून जाहीरनामा केला कीं, बंडखोरांचे जे गुलाम व करारबद्ध नोकर शस्त्र धरण्यास समर्थ व राजी असतील व राजाच्या फौजेस येऊन मिळतील ते मुक्त समजले जातील. डन्मोरजवळचा छापखाना नॉरफोक येथील एका विरोधी मुद्रकाकडून जप्त करून आणलेला होता. राजधानी सोडून जहाजावर राहणाऱ्या गव्हर्नराजवळ भूमि राहिली नव्हती. खिळे, शाई व राजाचें नांव एवढीच त्याची सत्ता उरली होती, आणि तिच्या बळावर त्यानें तो शब्द उच्चारला जो त्या काळच्या कोणत्याही लोकपक्षीय पत्रकानें गुलामांस उद्देशून उच्चारला नव्हता.

डन्मोर हा मुक्तिदाता नव्हता. तो स्वतः गुलामांचा मालक होता, राजनिष्ठ मालकांच्या गुलामांविषयीं त्याच्या पत्रकांत एक अक्षर नाहीं, आणि त्याच्याकडे गेलेल्यांपैकीं पुष्कळ लोक देवी व तापाच्या सांथींत मेले. तरी पत्रक लागलें त्या ठिकाणीं लागलेंच. व्हर्जिनियाच्या लोकसभेनें डिसेंबरमध्येंच उलट पत्रक काढून पळणाऱ्या गुलामांस मृत्यूची धमकी व परत येणाऱ्यांस क्षमेचें आश्वासन दिलें. गेजची क्षमा बंडखोर मालकांस, बंडखोर मालकांची क्षमा गुलामांस : दोन्ही पत्रकांचा सांचा एकच, केवळ बसणारे लोक बदलले. हीं पत्रकें सुटीं सुटीं वाचणारास हें साम्य कधींच दिसणार नाहीं.

५

या सर्वांनंतर एक लहानसा फेरफार झाला, तो आम्हांस या साऱ्या वाङ्मयांतील सर्वांत मोठा वाटतो. २३ जानेवारी १७७६ रोजीं मॅसॅच्युसेट्सच्या विधिसभेनें जो जाहीरनामा काढला, त्याची ठेवण जुनीच आहे. कारणें तशींच, आज्ञा तशीच. मात्र अखेरीस ‘देव राजाचें रक्षण करो’ याच्या ठिकाणीं ‘देव प्रजेचें रक्षण करो’ असें छापलें आहे. एक शब्द गेला, एक आला. स्वातंत्र्याचा ठराव होण्यास अजून पांच महिन्यांहून अधिक अवधि होता. म्हणजे उपसंहार आधीं बदलला, उपक्रम मागाहून. राज्यक्रांतीची तारीख मजकुरांत शोधणारास जी सांपडत नाहीं, ती मोर्तबाच्या ओळींत सांपडते.

मग आला ४ जुलैचा कागद. त्या रात्रीं फिलाडेल्फियांतील जॉन डन्लॅप या आयर्लंडांत जन्मलेल्या मुद्रकानें तो छापला. सुमारें दोनशें प्रती निघाल्या असाव्या असा अजमास आहे. आज २६ ठाऊक आहेत. मायना असा : वर काँग्रेसचें नांव व तारीख, आणि खालीं ‘संयुक्त संस्थानांच्या प्रतिनिधींकडून घोषणा’ अशा अर्थाचा मथळा. ‘राजाकडून जाहीरनामा’ ही जी शतकांची ठेवण, तींत राजाची जागा प्रतिनिधींनीं घेतली. ‘एकमतानें’ हा शब्द या पत्रकांत कोठेंही नाहीं, कारण तें तेव्हां खरें नव्हतें. न्यूयॉर्कची संमति ९ जुलैला मिळाली. १९ जुलैला काँग्रेसनें मजकूर चर्मपत्रावर उतरविण्याचें व मथळ्यांत ‘तेरा संस्थानांची एकमतानें केलेली’ असे शब्द घालण्याचें ठरविलें. बहुतेक सह्या २ ऑगस्टला झाल्या. मोर्तब पाहावें तर डन्लॅपच्या पत्रकावर नांवें तीनच, आणि तिन्ही खिळ्यांनीं छापलेलीं : काँग्रेसच्या आज्ञेनें व तिच्या वतीनें अध्यक्ष जॉन हॅन्कॉक, साक्ष चिटणीस चार्ल्स थॉम्सन, आणि मुद्रक. बारा महिन्यांपूर्वीं गेजच्या पत्रकांत ज्या दोघांस क्षमा नाहीं म्हटलें होतें त्यांपैकीं एकाचें नांव येथें मोर्तबाच्या जागीं आहे. बाकीच्या सह्या करणारांचीं नांवें लोकांस छापून कळलीं तीं जानेवारी १७७७ मध्यें, काँग्रेस बाल्टिमोरला असतां. तें पत्रक मेरी कॅथरीन गोडार्ड या मुद्रिकेनें छापलें, व राजद्रोहाचा आरोप येऊं शकेल अशा त्या कागदावर आपलें पूर्ण नांव घातलें.

येथें पूर्वपक्ष असा येईल कीं, हातानें सह्या केलेलें चर्मपत्र हेंच मूळ व छापील कागद ही त्याची केवळ प्रसिद्धि. परंतु कालक्रम उलट आहे. चर्मपत्र मागाहून झालें. मुद्रकाकडे गेलेली हस्तलिखित प्रत नाहींशी झाली. आणि काँग्रेसच्या कच्च्या रोजनिशींत ४ जुलैच्या नोंदीच्या जागीं चिटणिसानें डन्लॅपचें छापील पत्रकच चिकटविलें आहे. दफ्तरानें ज्यास मूळ मानलें त्यास आपण नक्कल म्हणावें कसें ? याहूनही बोलका पुरावा मॅसॅच्युसेट्सचा आहे. तेथील कौन्सिलनें १७ जुलै रोजीं आज्ञा केली कीं, पत्रक छापून प्रत्येक धर्मोपदेशकाकडे पाठवावें, त्यानें तें रविवारच्या प्रार्थनेनंतर लोकांस वाचून दाखवावें, आणि मग गांवच्या कारकुनाकडे द्यावें, म्हणजे तो तें गांवच्या वहींत कायमचें उतरून ठेवील. येथें हस्तलिखित ही छापील प्रतीची नक्कल झाली. आमच्या पोथ्यांच्या संवयीला हा क्रम चमत्कारिक वाटेल, पण तो तसा आहे. आणि हें पत्रक छापलें कोणी ? शवपेट्यांचें पत्रक छापणाऱ्या त्याच इझिकिएल रसेलनें. खालीं त्यानें छापलें आहे कीं, हें अधिकाराच्या आज्ञेवरून मुद्रित केलें. कोणाच्या अधिकाराच्या, तें सांगण्याची गरज आतां राहिली नव्हती.

एक पाठचिकित्सेचा मुद्दा सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. जीवित, स्वातंत्र्य व सुखाचा शोध हे हक्क सांगून झाल्यावर लगेच, हे हक्क राखण्यासाठींच राज्यसंस्था निर्माण होतात, असें विधान येतें. जॉन क्विन्सी ॲडम्सच्या सांगण्यावरून विल्यम स्टोन यानें १८२३ मध्यें पुरें केलेल्या ताम्रपटावरील प्रतींत या दोहोंमध्यें पूर्णविराम आहे, व पुढें तोच पाठ सर्वत्र पसरला. डन्लॅपच्या पत्रकांत तेथें पूर्णविराम नसून संयोगरेषा आहे. इ. स. २०१४ च्या सुमारास प्रिन्स्टन येथील डॅनिएल ॲलन या विदुषीनें या पूर्णविरामाच्या प्रामाण्याविषयीं शंका काढली, व त्यावर विद्वानांत मतभेद झाले. चर्मपत्र इतकें पुसट झालें आहे कीं त्यावरून निर्णय करणें कठीण. परंतु मीमांसाशास्त्राच्या दृष्टीनें प्रश्न स्पष्ट आहे. पूर्णविराम घातला तर वाक्यभेद होतो. व्यक्तीचे हक्क हें एक वाक्य, राज्यसंस्था हें दुसरें, आणि पहिल्यावर दुसऱ्याचें ओझें असा अर्थ करण्यास वाट मिळते. रेषा ठेवली तर एकवाक्यता राहते. हक्क, ते राखणारें राज्य, व राज्य बिघडल्यास तें बदलण्याचा अधिकार ही एकच मालिका ठरते. ज्या ठिकाणीं एकवाक्यता संभवते तेथें वाक्यभेद करूं नये, हा नियम आम्हीं विद्यार्थिदशेंत शिकलों. सर्वांत आधीं छापलेला पाठही त्याच पक्षास अनुकूल आहे. आमचें मत त्या बाजूस आहे.

६

आतां सर्वांत अवघड भाग. विधि आणि अर्थवाद असा विभाग केला तर या पत्रकाचा विधि शेवटच्या परिच्छेदांत आहे : या वसाहती स्वतंत्र आहेत. मधल्या राजाच्या अपराधांची लांबलचक मालिका, जींत सामान्यतः २७ कलमें मोजतात, ती अर्थवाद होय. ‘त्यानें अमुक केलें, त्यानें तमुक केलें’ या एकाच सुरुवातीचा अभ्यास, म्हणजे पुनरावृत्ति, हें तिचें बळ. प्रत्येक कलम लहान, क्रियापद पुढें, विशेषणें थोडीं. बर्गोइनच्या फुगीर गद्यानंतर हें वाचतांना, कोणाच्या पायांखालीं जमीन आहे, तें कळतें. गुणदृष्ट्या या सर्व वाङ्मयांत हें पत्रक श्रेष्ठ आहे, यांत आम्हांस संदेह नाहीं.

परंतु मालिकेच्या अखेरचें कलम पाहावें. राजानें आमच्यांत घरगुती बंडें उठविलीं, व सरहद्दीवरील निर्दय रानटी लोकांस आमच्यावर घातलें, असा तो आरोप आहे. मजकूर एकटा वाचला तर हा वाक्प्रचार वाटतो. शेजारीं डन्मोरचें पत्रक ठेवलें कीं ‘घरगुती बंडें’ म्हणजे काय तें उघड होतें : जहाजावरून आलेली मुक्तीची हांक ऐकून निघालेले गुलाम. जेफर्सनच्या मसुद्यांत गुलामांच्या व्यापाराचा दोष राजावर ठेवणारा एक परिच्छेद होता. तो काँग्रेसनें गाळला. गुलामांविषयींचा कळवळा गेला, गुलामांविषयींची भीति राहिली. आणि दुसऱ्या बाजूस फिप्सचें पत्रक ठेवलें कीं, ‘निर्दय’ या विशेषणाचा हिशेब पौंडांत मांडलेला दिसतो. सर्व मनुष्यें समान हें उपक्रमांत सांगणारा कागद उपसंहाराजवळ येतां येतां कांहीं मनुष्यांस वाचकांच्या वर्गांतून वगळतो. त्यांचा उल्लेख त्यांत आहे. त्यांस उद्देशून त्यांत एक शब्द नाहीं.

म्हणून हें पत्रक टाकाऊ ठरतें काय ? आमचें उत्तर नाहीं असें आहे. शास्त्रांत वाक्याचा अर्थ वक्त्याच्या मनावर अवलंबून नसतो. उच्चारलेलें वाक्य आपल्या बळानें उभें राहतें. उपक्रमांतील सामान्य वचन एकदां छापून गांवोगांव वाचलें गेल्यावर तें परत घेणें मुद्रकाच्या किंवा काँग्रेसच्या हातीं राहिलें नाहीं. परंतु हा विचार करण्याचा अधिकार ज्याला दोन्ही टोंकें दिसतात त्यालाच आहे. चर्मपत्राचें चित्र पाहून केवळ पहिलीं वाक्यें पाठ करणाऱ्यास, जसें आम्ही वर्गांत करवून घेत होतों, तो अधिकार येत नाहीं.

७

या कागदांच्या जतनाविषयीं थोडें सांगून लेख संपवितों. एकपानी पत्रक हें वाचून टाकण्यासाठींच असतें. तें टिकलें तर अपघातानें. इंग्रजी अमेरिकेंतील पहिलें मुद्रण म्हणजे इ. स. १६३९ चें केंब्रिज येथील नागरिकाच्या शपथेचें एकपानी पत्रक. त्याची एकही प्रत उरलेली नाहीं. इ. स. १९८५ मध्यें मार्क हॉफमन नांवाच्या इसमानें ती सांपडल्याचें भासवून एक बनावट प्रत पुढें केली व तिची किंमत लक्षावधि डॉलर सांगितली. मजकूर निर्दोष होता, कारण तो सतराव्या शतकांतील दुसऱ्या एका पुस्तकांत मिळतोच. बनावट उघडकीस आली ती सूक्ष्मदर्शकाखालीं शाईस पडलेल्या भेगांवरून, व तीही या माणसानें आपले उद्योग झांकण्यासाठीं स्फोटकांनीं दोन जीव घेतल्यानंतर. ज्याला केवळ मजकूर पुरे आहे त्याला ही प्रत खरीच वाटली असती. याच्या उलट, डन्लॅपच्या पत्रकाची एक प्रत पेन्सिल्व्हेनियांतील जुन्या बाजारांत चार डॉलरांस घेतलेल्या एका चित्राच्या चौकटींत मागें दडलेली निघाली, व ती १९९१ मध्यें चोवीस लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकली गेली.

आणि ज्यानें हे कागद हेतुपूर्वक जमविले तो कोणी राजा किंवा पंडित नव्हता. क्रांतिकाळीं स्वतः पत्रकें छापणारा मुद्रक आयझाया थॉमस यानें म्हातारपणीं, इ. स. १८१२ मध्यें, वुस्टर येथें अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी स्थापिली, आणि बोस्टनच्या रस्त्यांत विकलीं जाणारीं तीनशेंहून अधिक गाणींपत्रकें विकत घेऊन तींत ठेवलीं. सामान्य लोकांस काय रुचतें तें पुढील पिढीस कळावें हा त्याचा हेतु. शिष्टांनीं केर म्हणून टाकलें असतें तें एका संशोधनमंडळानें दफ्तर म्हणून जपलें.

याचा आपणांस उपयोग काय, असें कोणी विचारील. ११ फेब्रुवारी १८१८ रोजीं साताऱ्यास एल्फिन्स्टननें काढलेला जाहीरनामा आपल्याही इतिहासांत आहे. त्यांतही गेलेल्या सत्ताधीशाच्या अपराधांची मालिका आहे, त्यांतही अखेरीस नव्या अमलाची ग्वाही आहे, आणि आपल्याही शाळांत तो सारांशरूपानेंच सांगितला जातो. तो कोणाच्या नांवानें निघाला, कोणास उद्देशून, कोणत्या लिपींत व कोणत्या मायन्यानें, आणि तो मोठ्यानें वाचला तेव्हां ऐकणारांत कोणाचें नांव त्यांत नव्हतें, हे प्रश्न मूळ कागद समोर ठेवूनच विचारावयाचे आहेत. आम्हीं चाळीस वर्षांनंतर एका परक्या देशाच्या कागदांवरून हे प्रश्न विचारावयास शिकलों. जे अजून वर्गांत उभे आहेत त्यांनीं इतका वेळ लावूं नये.